रिव्हॉल्वर कोणते ते नंतर, हात कोणाचा ते आधी



या सदरात आपण रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू यांविषयी बोलतो. पण 7 ऑक्टोबर 2023 नंतर मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न औषधाचा नाही. तो असा : "ताई, घरात आम्ही दोघेच. मुले लांब राहतात. एखादे रिव्हॉल्वर घ्यावे म्हणतो. हलके, हिलाही चालवता येईल असे. कोणते बरे?" लग्नाच्या हॉलमध्ये, मलिद्याच्या ताटाभोवती, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे हाच विषय. काही जण पुढे जोडतात, "दोघे मिळून रेंजवर जाऊ. तेवढाच विरंगुळा."

विचारणाऱ्यांना मी हसत नाही. भीती खरी आहे. त्या दिवसानंतर देशात लाखाहून अधिक नवे परवाने दिले गेले आणि परवानाधारकाच्या गोळ्यांची मर्यादा 50 वरून 100 झाली. शिवाय बंदूक आपल्या समाजाला परकी नाही. मुंबईच्या लष्करात आपले पणजे-खापरपणजे सुभेदार, जमादार होते. इथे तर नातवंडे रायफल खांद्याला लावूनच घरी येतात आणि आजीच्या हातचे जेवतात.

तरीही माझे मत स्पष्ट सांगते. सत्तरी गाठलेल्या जोडप्याने घरात रिव्हॉल्वर आणू नये. नेमबाजीची हौस असेल तर जरूर करावी, पण हत्यार रेंजवरच ठेवून हात हलवत घरी यावे. मी शस्त्रांची जाणकार नाही. तीस वर्षे परिचारिका होते. म्हातारे हात, म्हातारे डोळे आणि रात्री दोन वाजता जागी झालेली म्हातारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या बाजूनेच बोलते.

आधी कायद्याची एक गोष्ट, कारण तिच्यामुळे अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. नवराबायकोचे मिळून एक रिव्हॉल्वर, अशी वस्तू इस्राएलमध्ये नाही. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो. काकांच्या नावाचे हत्यार काकूंनी वापरायचे नाही, आणि तिजोरीचा आकडाही त्यांना ठाऊक नसावा. म्हणजे ज्या रात्री काका दवाखान्यात भरती असतील आणि काकू घरी एकट्या असतील, त्या रात्री ते रिव्हॉल्वर काकूंच्या काहीच उपयोगाचे नाही. काकूंना हवे असेल तर त्यांनी स्वतः पात्र ठरायचे, आरोग्याच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही घ्यायची, शिकायचे आणि वेगळे हत्यार घ्यायचे. "हिलाही चालेल असे" हा विचार दुकानात जाण्यापूर्वीच गळून पडतो.

आता रिव्हॉल्वरच का सुचवतात, ते पाहू. सुचवणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पिस्तुलात पहिली गोळी भरायला वरची स्लाइड जोराने मागे ओढावी लागते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या बाईला ते जमत नाही. ज्यांना लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवायला शेजारणीला हाक मारावी लागते त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रिव्हॉल्वरला स्लाइड नाही. चक्र उघडा, पाच किंवा सहा गोळ्या घाला, बंद करा. भरलेले आहे की रिकामे तेही उघडून लगेच दिसते.

पण जे ओढणे वरचे वाचले ते बोटावर येते. रिव्हॉल्वरचा चाप घोडा न चढवता ओढायचा तर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, तोही एकट्या तर्जनीने, आणि नळी जराही न हलवता. पाच किलो तांदळाची पिशवी एका बोटाला अडकवून उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल. पहिली उचलाल. पाचव्यांदा हात थरथरेल. घोडा आधी अंगठ्याने मागे चढवला तर चाप फार हलका होतो, पण मग कापऱ्या हाताने नुसते टेकले तरी गोळी सुटते. हाताला कंप असलेल्याने ती वाट धरूच नये.

"हलके घ्या" हा सल्ला तर मला सर्वांत जास्त खटकतो. पर्समध्ये मावणारे, अॅल्युमिनियमचे, चारशे-साडेचारशे ग्रॅमचे रिव्हॉल्वर हातात घेतले की बायकांना बरे वाटते. पण वस्तू जितकी हलकी तितका गोळी सुटतानाचा धक्का हाताला जास्त. तीच गोळी एक किलोच्या पोलादी रिव्हॉल्वरमधून सोडली तर धक्क्याचा बराच भाग लोखंडच पिऊन टाकते. म्हणजे सोसायला सोपे ते धरायला जड, आणि धरायला सोपे ते सोसायला कठीण. मनगटात कार्पल टनेल असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तर दोन्हीकडून पंचाईत. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांच्या अंगठ्या-तर्जनीमधल्या जागेवर एका दुपारच्या सरावाने काळानिळा डाग पडतो. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही : चक्र आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो. दुसऱ्या हाताचा अंगठा तिथे पुढे गेला तर भाजतो.

डोळ्यांचे तर आणखी वेगळे. नेम धरताना नळीच्या टोकावरचा दाणा स्वच्छ दिसावा लागतो. तो असतो हातभर अंतरावर. वाचायचा चष्मा त्याहून जवळचे दाखवतो, लांबचा चष्मा त्याहून पलीकडचे. मोतीबिंदू काढून लांबचे पाहण्याची भिंगे बसवलेल्यांना तो दाणा धूसर दिसतो. बायफोकलवाले मान मागे टाकून खालच्या काचेतून पाहतात आणि तोल जातो. रेंजवर याला उपाय आहे, तेवढ्या अंतराचा चष्मा करून घेता येतो. मध्यरात्री मात्र चष्मा उशाशी कुठे ठेवला तेच सापडत नाही, तिथे तिसरा चष्मा कोण शोधणार?

आणि मध्यरात्र हीच तर खरी परीक्षा. आपल्या वयाची किती माणसे लोरिवान किंवा बोन्डोर्मिन घेऊन झोपतात ते मला ठाऊक आहे. गोळीच्या गुंगीत उठलेल्या माणसाला संडासाची वाट सापडत नाही. त्यात श्रवणयंत्र काढून ठेवलेले. दाराशी खुडबुड झाली एवढेच कळते. "आजी, मीच आहे, सुट्टी मिळाली" हे शब्द कळत नाहीत. सैन्यातला नातू न कळवता रात्री येतो, स्वतःच्या किल्लीने दार उघडतो. ज्या घरात उशाशी हत्यार आहे त्या घरात मला त्या मुलाची काळजी वाटते. उशाशी नाही, तिजोरीत आहे म्हणाल, तर मग अंधारात, चष्म्याशिवाय, आकडे फिरवून ती उघडायला किती वेळ लागेल, तेही घड्याळ लावून पाहा.

आता जे बोलायला जड जाते ते बोलते. घरातल्या हत्याराची गोळी परक्यापेक्षा घरच्याच माणसाला लागण्याची भीती मोठी आहे, आणि बऱ्याचदा ती स्वतःच स्वतःवर झाडलेली असते. कॅलिफोर्नियातील पिस्तूलधारकांचा मोठा अभ्यास 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. हत्यार नसलेल्या पुरुषांपेक्षा हत्यार असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका सुमारे आठपट निघाला, बायकांत पस्तीसपटीहून जास्त. कोणी म्हणेल, ती अमेरिका. तर मग आपल्याच सैन्याचे पाहा. 2006 साली इथे नियम बदलला आणि शुक्रवार-शनिवारी सुट्टीवर जाणाऱ्या जवानांनी रायफल छावणीतच ठेवून घरी जायचे ठरले. त्यानंतर जवानांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या. घट जवळजवळ सगळी सुट्टीच्या दिवसांतली होती. छावणीतल्या दिवसांचे आकडे फारसे बदलले नाहीत. मुलांचे दुःख एका हुकुमाने कमी झाले नव्हते. त्या वाईट घटकेला हाताशी हत्यार नव्हते, एवढेच.

ती वाईट घटका आपल्याही वयात येते. पन्नास वर्षांची सोबत संपते, मोठ्या आजाराचा रिपोर्ट येतो, मुले फोनवर घाईत असतात. वृद्ध पुरुष मनातले सांगत नाहीत, हे मी वॉर्डात रोज पाहिले. "मला काय झालंय, मी ठीक आहे" म्हणणारे काका सर्वांत कमी ठीक असतात. गोळ्या जास्त घेतलेल्या माणसाला आम्ही पुष्कळदा वाचवले. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले आठ-नऊ प्राणावर बेततात. विचार बदलायला तिथे वेळच मिळत नाही.

आणि विसराळूपणा. डिमेन्शिया सांगून येत नाही. सुरुवातीला त्याचे रूप पुष्कळदा संशयाचे असते : माझे पैसे कोणी चोरले, रात्री घरात कोणी शिरते, ही बाई माझी बायको नाही. ज्याला घरात चोर दिसू लागतात त्याच्याच नावावर चोरासाठी आणलेले हत्यार असते. परवाना घेताना दिलेले आरोग्याचे निवेदन त्या दिवसापुरते खरे असते. त्यानंतर कधी काय बदलले ते सर्वांत आधी बायकोला दिसते, आणि ती घराण्याच्या अब्रूपायी गप्प बसते. बहिणींनो, इथे गप्प बसू नका. मोटारीची किल्ली काढून घेताना जेवढे वाईट वाटते तेवढेच वाटेल. कुपात होलीमच्या डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा.

हे सगळे म्हणताना मी नेमबाजीच्या विरोधात नाही. उलट, जोडप्याने आठवड्यातून एकदा रेंजवर जाणे मला पत्त्यांपेक्षा बरे वाटते. सरळ उभे राहणे, श्वास धरणे, एका ठिपक्यावर चित्त लावणे, यात तोल आणि एकाग्रता दोन्हींचा व्यायाम आहे. मात्र .22 बोअरचे, जडसे हत्यार मागा. धक्का नावापुरता असतो. घरच्या रक्षणाची म्हणतात ती .38 बोअरची ऐट नको. प्रत्येकाने मूठ स्वतःच्या हातात धरून पाहावी. नवऱ्याच्या पंजाला बसणारी मूठ बायकोच्या बोटांना चापापर्यंत पोहोचू देत नाही. कानाला आतून बोळे आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही लावा, कारण .38 चा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि 140 च्या वरचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो. जे थोडे ऐकू येते ते तरी राहू द्या. बंद रेंजच्या हवेत शिशाची धूळ असते. तिथे काही खाऊ नका, निघताना गार पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवा, घरी आल्यावर कपडे बदलून मगच नातवंडांना जवळ घ्या. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

"मग घराचे रक्षण कसे करू?" हा प्रश्न उरतोच, आणि तो योग्य आहे. ममादचे दार स्फोट अडवायला बनवलेले होते, आत शिरणाऱ्याला रोखायला नव्हे, हे 7 ऑक्टोबरला साऱ्या देशाला कळले. रिव्हॉल्वरला लागणारे हजारो शेकेल त्या दाराच्या मान्यताप्राप्त कडीवर घाला, ती बसवताना पिकूद हाओरेफच्या सूचना विचारून घ्या. मुख्य दाराला डोळा आणि साखळी, जिन्यात हलताच पेटणारा दिवा, गळ्यात संकटसमयीचे बटण. फोन रात्री ममादमध्ये चार्जिंगला लावा, स्वयंपाकघरात नको. पोलिसांचा 100 हा आकडा सर्वांना पाठ आहे. एरानचा 1201 ही पाठ करा. मन फार खचले तर त्या फोनवर ऐकून घेणारे माणूस असते, दिवसाही आणि रात्रीही.

शेवटी एक काम, ज्यांच्या घरी जुने हत्यार पडून आहे त्यांच्यासाठी. पतीच्या निधनानंतर त्यांचे पिस्तूल कपाटात साड्यांखाली ठेवून दिलेल्या दोन-तीन बहिणी माझ्या ओळखीच्या आहेत. एक म्हणते, त्यांची आठवण आहे. परवाना त्यांच्या नावाचा होता, तुमच्या नाही, आणि घरात दुपारी नातवंडे खेळतात. त्याला हात लावू नका, रिकामे करायला जाऊ नका, पिशवीत घालून बसने तर मुळीच नेऊ नका. पोलिस ठाण्यात फोन करा, ते कसे सोपवायचे ते विचारा, आणि त्या दिवशी मुलाला किंवा जावयाला घरी बोलावून घ्या.