सायबर सिक्युरिटीत एमटेक? आधी कॉसमॉस वाचा

धावड्यात राहून सायबर सिक्युरिटीत एमटेकचा विचार करताय? मग २०१८ मधला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला नीट समजून घ्या. तेव्हा ऑगस्टमध्ये ९४ कोटींवर रुपये गेले, आणि कुणा खातेदाराच्या ओटीपीची गरजही पडली नाही. एटीएमच्या व्यवहाराला मंजुरी देणारा एक स्विच असतो. चोरट्यांनी मालवेअर वापरून त्याच्या आड बनावट स्विच उभा केला. मग क्लोन कार्डांवर २८ देशांतून पैसे निघत राहिले.

हे पकडायला नेटवर्किंग आणि ऑपरेटिंग सिस्टीम पक्की लागते. तीन महिन्यांत ‘एथिकल हॅकर’ बनवणाऱ्या क्लासमध्ये ती होत नाही (फी मात्र घसघशीत!). त्यापेक्षा गेटचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपर धरा, त्यात हेच विषय आहेत. पुण्यात गिरीनगरच्या डीआयएटीत सायबर सिक्युरिटीचं एमटेक आहे. गेटच्या स्कोअरवर एआयसीटीई-मान्य कॉलेजात पूर्णवेळ एमटेक मिळालं, तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती असते. पुण्यातली खोली आणि मेस त्यात निघू शकते.

सुरुवातीला जुना लॅपटॉपही चालेल. लिनक्स टाका, वायरशार्क उघडा आणि स्वतःच्याच हॉटस्पॉटवरून काय काय जातं ते बघा. शेजाऱ्याच्या वायफायवर नको, तो गुन्हा ठरू शकतो.