पडद्यावरचा मल्ल आणि त्याची मजुरी

दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्ती लुटुपुटीची असते, हा शोध आता कोणी लावण्याची गरज उरलेली नाही. १९९० नंतरच्या दशकात केबलची तार ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींतून फिरू लागली, तेव्हा घरोघरचे वडील हेच सांगून संच बंद करीत; आणि मुले मल्लांच्या चित्रांचे पत्ते खेळत अंडरटेकर व ब्रेट हार्ट यांची वजने तोंडपाठ म्हणत. वाद खरे-खोटे एवढ्यावरच थांबे. त्या मल्लाच्या मजुरीची गोष्ट मात्र निघाली नाही, आणि कामगारांच्या वस्तीत ती निघावयास हवी होती.

तिकीट लावून दाखवावयाच्या ‘फ्री स्टाइल’ कुस्तीचा धंदा आपल्याकडे पडद्याहून जुना आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. दारासिंग आणि किंगकाँग यांना पाहावयास वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्याच्या कितीतरी आधी गर्दी लोटत असे. अमेरिकेत १९४०च्या दशकाअखेर दूरचित्रवाणीने हा खेळ उचलला, कारण तो स्वस्त होता : एक चौकोनी रिंगण, दोन देह आणि मोजके कॅमेरे. देह भाड्याने मिळत होते.

१९८६ साली, दुसऱ्या ‘रेसलमेनिया’च्या तोंडावर, जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांपुढे संघटना बांधण्याचा विचार मांडला. बातमी तत्काळ मालकाच्या कानी गेली. ती पोचविणारा कंपनीचा सर्वांत मोठा तारा हल्क होगन होता, हे मालक व्हिन्स मॅकमेहन यांनीच पुढे एका दाव्यातील साक्षीत सांगितले. संघटना जन्मलीच नाही. व्हेंचुरा मिनेसोटाचे राज्यपाल झाले, ही गोष्ट वेगळी!

१९८९ साली याच कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळासमोर कबुली दिली, की आमचा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे. या प्रांजळपणाचे कौतुक करण्याचे कारण नाही. स्पर्धा म्हटली की सरकारी देखरेख येते आणि कर येतो; करमणूक म्हटली की दोन्ही टळतात. निकाल ठरलेला असला तरी पाठीवर पडणारा माणूस खराच पडतो. १९९९ साली कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छताजवळून खाली सोडला जात असता कोसळून मरण पावला, आणि त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू राहिला.

हे मल्ल कंपनीचे नोकर नव्हेत. कागदोपत्री ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. वागळे इस्टेट वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर कंत्राटी म्हणून हात चालविले, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. काम मालकाचे, वेळ मालकाची. दुखणे तेवढे स्वतःचे.

म्हणून गावच्या फडाचे गोडवे गावेत असेही नव्हे. कल्याण-भिवंडीकडील आगरी गावांच्या जत्रांत इनाम सर्वांसमक्ष पुकारून मल्लाच्या हाती पडते, लपवाछपवी नसते. पण मोडलेल्या हाडाची जबाबदारी तेथेही कोणी घेत नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांना प्रवासखर्चासाठी पैसे गोळा करीत फिरावे लागले होते.

जानेवारी २०२४मध्ये त्या अमेरिकन कंपनीने आपल्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी नेटफ्लिक्सशी दहा वर्षांचा करार जाहीर केला. रक्कम पाच अब्ज डॉलर. मल्ल अद्याप कंत्राटीच आहेत.