गॅस संपत नाही, गळतो

आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या यंत्राविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच की, तीन उन्हाळे खिशातून रोख पैसे मोजून आम्ही हा धडा घेतला आहे.

कोल्हापुराहून इचलकरंजीला कोरे कापड पाहण्यासाठी आमच्या आठवड्यातून दोन फेऱ्या होतात. चैत्र लागला की हातकणंगल्यापर्यंत पोचेतो सदरा अंगाला चिकटतो. गाडीचा ए.सी. चालू, पंख्याचा आवाज भरपूर, आणि हवा मात्र भट्टीसमोर बसल्यासारखी. एका गॅरेजमध्ये गाडी नेली. “गॅस संपलाय, शेठ, भरून देतो.” तासाभरात गाडी गार. पैसे दिले, समाधानाने घरी आलो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच आणि त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात तेच. तिसऱ्या खेपेस आम्ही भावात घासाघीस केली, दोनशे रुपये कमी करून घेतले आणि त्यातच खूश झालो. पण दरवर्षी हा गॅस जातो कुठे, हे विचारायचे सुचले नाही. कापडाच्या ठाणात एक डाग दिसला तर आम्ही सगळे ठाण उलगडायला लावतो; इथे मात्र डोळे झाकून व्यवहार केला.

चौथ्या वर्षी उद्यमनगरातील एका वयस्क उस्तादाकडे गेलो. ते म्हणाले, “शेठ, पेट्रोल जळतं. गॅस जळत नाही, तो नुसता फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर गेला.” मग त्यांनी बॉनेट उघडून त्याची सारी वाट दाखवली. कॉम्प्रेसर गॅस दाबून गरम करतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. ड्रायरमध्ये त्यातील ओल शोषली जाते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये तो गाडीतील उष्णता ओढून घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर. हा बंद फेरा आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, पण एका वर्षात टाकी रिकामी होत नाही. तशी झाली तर भोक आहे असे समजावे.

मागावर एकाच जागी धागा पुन्हापुन्हा तुटू लागला, तर चांगला जॉबर नुसती गाठ मारून माग चालू करीत नाही. तो धोटा पाहतो, ताण पाहतो, बीम पाहतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे नुसती गाठ मारणे होय.

आमच्या गाडीत दोन नळ्यांच्या सांध्यावर तेलकट काळा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते, म्हणून गळतीची जागा बहुधा अशी ओळखू येते. साबणाचे पाणी लावताच तिथे बुडबुडे आले. आतील रबरी ओ-रिंग सुकून तडकली होती. तिची किंमत चहा-पाण्याइतकी! तीन वर्षे तेल जात राहिले, तरी कॉम्प्रेसर बचावला हे आमचे नशीब. तेलाअभावी कॉम्प्रेसर जाम झाला असता, तर एका ट्रिपच्या मालाचा नफा त्यात गेला असता.

मात्र प्रत्येक वेळी दोष गळतीचाच असतो असे नव्हे. गॅरेजला जाण्यापूर्वी चार गोष्टी घरीच पाहाव्यात. बाहेरची हवा आत घेणारे बटण चुकून दाबलेले असते, आणि दुपारच्या उन्हात ए.सी. साऱ्या कोल्हापूरला गार करू पाहतो. हवेचा झोतच कमी असेल, तर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असलेला फिल्टर काढून पाहावा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका आम्ही कधी उघडली नव्हती. मुलीने ती वाचली, तेव्हा असा फिल्टर असतो हे प्रथम कळले. बाहेर काढला तर त्यावर सुताच्या तुसाची गादी बसलेली! यंत्रमागाच्या गावी रोज उभी राहणारी गाडी, दुसरे काय होणार?

पुढच्या कंडेन्सरच्या जाळीचेही तसेच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचट, धूळ आणि किडे अडकतात. साध्या पाण्याच्या धारेने ती धुवावी. जोरदार फवारा मारल्यास पातळ पाती वाकतात. हमरस्त्यावर गाडी गार आणि दसरा चौकाच्या सिग्नलला गरम, असे होत असेल तर आधी संशय जाळीवरील पंख्याचा घ्यावा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच हवा. आणि ए.सी. थोडा वेळ गार, मग झोत मंद व गरम, बंद ठेवून पुन्हा लावला की परत गार, असा खेळ असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे किंवा आत ओल गेली आहे. नळ्यांचे सांधे मात्र घरी उघडू नयेत. सुटलेल्या गॅसने डोळा किंवा हात गोठू शकतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर दोन्ही बाजूंचे दाब गेजवर पाहिल्याशिवाय गॅसची गोष्ट करू देऊ नये. दोन्ही दाब कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस अधिक भरला आहे किंवा कंडेन्सरची उष्णता निघत नाही. आत येणारा दाब वाढलेला आणि पुढे जाणारा पडलेला, तर कॉम्प्रेसर थकला. गॅस कमी झाल्यावर कॉम्प्रेसर बंद ठेवणारा स्विच असतो. काही कारागीर तिथे वायर जोडून ‘जुगाड’ करतात, तो कॉम्प्रेसरचा खून आहे. सांधा उघडला की व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे, कारण आतली ओल गोठून व्हॉल्व्ह अडवते आणि तेलात मिसळून आम्ल तयार करते. मग गॅस वजन करून भरावा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. आम्ही कापड मीटरने मोजून देतो. हातभर अंदाजाने दिले तर गिऱ्हाईक घेईल काय?

गॅस कोणता, हेही पाहावे. जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनचा थर खात असे. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २००८ साली देशात त्या जातीच्या गॅसचे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला इजा करीत नाही, परंतु त्याचा एक किलो हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली, तेव्हा हाही पुढे टप्प्याटप्प्याने कमी होणार. स्वस्त, बिनबिलाचा डबा तर घेऊच नये. बनावट आर-१३४ए मध्ये मिसळलेल्या मिथाइल क्लोराइडने ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन २०११ साली जहाजी मालाच्या शीतपेट्यांचे स्फोट झाले व कामगार दगावले.

आता आमच्या मनातली गोष्ट. ‘गॅस संपला’ म्हणणारे सगळेच लबाड आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. गिऱ्हाईक उभ्याउभ्या तासात गाडी मागते आणि गळती शोधण्याची मजुरी द्यायला कुरकुरते. आम्हीही तेच केले. कित्येक कारागिरांकडे पंप आणि वजनकाटा नसतो म्हणून ते अंदाजाने भरतात. पण बिलावर नुसते ‘ए.सी. काम’ लिहून यापुढे भागणार नाही. दोष काय, कुठला सुटा भाग बदलला, गॅस किती ग्रॅम, हे लिहिले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालट्रकांच्या केबिनला ए.सी. सक्तीचा झाला आहे. हे ट्रक जुने होतील, त्यांचेही सांधे गळतील. ट्रकमालक हिशेबी माणूस. एकाच ट्रकचा गॅस दरवर्षी भरून घेणार नाही. हे काम ज्याच्याकडे साधने आणि लेखी बिल आहे, त्याच्या दारात जाणार.

एकट्याला पंप, काटा व नायट्रोजनचा सिलिंडर परवडत नसेल तर शेजारच्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. गांधीनगरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांत आमची रोजची उठबस आहे. असा कोणी पुढे आला तर त्यांच्याकडे शब्द टाकण्यास आम्ही तयार आहोत, आणि पहिली गाडी आमचीच पाठवू. तिची मागची वर्षातली तपासणी तशीही राहिलीच आहे.