‘पॅरोकिअल’ म्हणजे संकुचित?

एखादी कादंबरी बोलीत लिहिली गेली, एका पंचक्रोशीत घडली, की तिच्यावर ‘पॅरोकिअल’ असा शेरा मारायचा आणि त्याचे ‘संकुचित’ असे भाषांतर करून मोकळे व्हायचे, ही मराठी समीक्षेची जुनी सवय आहे. शब्दाची चौकशी मात्र क्वचितच होते.

हा शब्द ‘पॅरिश’वरून, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीवरून आला. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘पॅरोइकिया’ आहे. ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, ‘ओइकोस’ म्हणजे घर. आणि ‘पॅरोइकोस’ म्हणजे नागरिकाचे हक्क नसताना गावात राहणारा उपरा. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला या जगातील असे उपरेच मानीत. म्हणजे आज कूपमंडूकाला लावला जाणारा हा शब्द मुळात परक्याचा होता. पुढे इंग्लंडात १६०१च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला, आणि १६६२च्या कायद्याने भार होऊ शकेल अशा नवागताला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची सोय केली. उपऱ्यांची वस्ती उपऱ्यांनाच हाकलू लागली. संकोच असा आधी व्यवहारात आला. शब्दाला तो अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटला.

आयरिश कवी पॅट्रिक कॅव्हना याने १९५२मध्ये ‘पॅरोकिअल’ आणि ‘प्रांतीय’ या दोन वृत्तींत नेमका भेद केला. प्रांतीय मन राजधानीचे मत कळेपर्यंत स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. पॅरोकिअल मनाला आपल्या वस्तीच्या योग्यतेविषयी शंका नसते. या कसोटीवर संकुचित ठरतो तो शेरा मारणारा समीक्षक.

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई हे अशा समीक्षकाला ‘आडगाव’ वाटेल. पण त्याच्या नावातील रेणुकेचे पीठ दूर माहूरला आहे, आणि तेथील हिरव्या मिरचीच्या बाजारात परप्रांतांतील व्यापारी येतात. त्याचा तालुका भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. तेथे उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत १९३८मध्ये मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. या भूमीवर लिहिणाऱ्याने ‘व्यापक’ होण्यासाठी तिच्याबाहेर जावे, हा सल्ला अज्ञानमूलक आहे.

तथापि गावाच्या कैवाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. भालचंद्र नेमाडे यांनी १९८३मध्ये ‘साहित्यातील देशीयता’ मांडल्यापासून प्रांतीय न्यूनगंडाला उत्तर मिळाले. परंतु देशीयतेचा जयघोष करणाऱ्या अनेकांनी गावकूस जशीच्या तशी ठेवली. पंचक्रोशी मोजायची ती कोणाच्या घरापासून, हा प्रश्न दलित साहित्याने विचारला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची (१९७२) पंचक्रोशी तर मुंबईतच आहे आणि तिच्या शब्दांपुढे पांढरपेशा मुंबईकरच उपरा ठरतो. महानगरात राहिल्याने दृष्टी आपोआप रुंदावत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

तेव्हा ‘पॅरोकिअल’चे भाषांतर ‘संकुचित’ नव्हे, ‘पंचक्रोशीतले’ असे व्हावे. संकुचितपणाचा आरोप करायचाच असेल तर तो कृतीतून सिद्ध करावा: तिच्यात उपऱ्याला घर मिळाले की नाही, एवढे पाहावे. मिळाले असेल तर ती जगाएवढी आहे. नसेल तर तिची पार्श्वभूमी पिंपळगावची असो वा पॅरिसची, ती संकुचितच.