पाठ टेकली म्हणून लढत संपत नाही

महाड-पोलादपूरच्या मुलींना ब्राझिलियन ज्युजुत्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची झुंज, शिकवा, असे म्हटले की तीन आक्षेप येतात. ही कुस्तीची भूमी नाही. अंगाला अंग भिडवणे मुलींना शोभत नाही. आणि स्वसंरक्षणच शिकवायचे तर शाळेत आठवडाभराचे शिबिर पुरे. तिन्ही मला अमान्य आहेत. त्यातला तिसरा सर्वांत घातक आहे, कारण तो मुलींच्या काळजीपोटी मांडला जातो.

कुस्तीची तालीम कोल्हापूर-सांगलीकडची, हे खरे. पण ज्युजुत्सूला माती लागत नाही. मॅट आणि डोक्यावर छप्पर लागते. आमच्या पावसात तर तेच सोयीचे. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची शेतकऱ्याची मुलगी मलप्रभा जाधव आधी ज्युदो खेळली, मग कुराशकडे वळली. कुराश हा उझबेकिस्तानचा खेळ, तुरमुरीच्या शिवारात तो कुठून असणार? तरीही २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, कुराशचा समावेश पहिल्यांदाच झाला तेव्हा, ५२ किलो गटात तिने कांस्यपदक आणले. शिवाय आमच्या पोरी कबड्डीत घोटा धरतात, कंबर धरतात, चढाई करणारीला अंगावर घेतात. पकड त्यांना नवी नाही.

शोभण्याचा मुद्दा जुना आहे. महिला पैलवान हमीदा बानू १९५४ साली पुरुष पैलवानांना उघड आव्हान देत होती. बडोद्यात तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती मात्र नियामक संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिला अडवले ते आखाड्याबाहेरच्या माणसांनी. ‘महाराष्ट्र केसरी’ कुस्ती स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. मधली ६२ वर्षे मुलींच्या अंगात ताकद नव्हती, असे कोण म्हणेल? या ज्युजुत्सूच्या ब्राझिलियन प्रकाराच्या माहेरी, ब्राझीलमध्येही हेच घडले. इव्होन दुआर्ते १९९० साली तिथली पहिली ब्लॅक बेल्ट स्त्री झाली, पण १९९६ला सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेत महिलांचा गट यायला १९९८ उजाडले. आधी दार बंद ठेवायचे आणि मग आत बाई दिसत नाही म्हणायचे, हा न्याय मला मंजूर नाही.

अंगाला हात लागतो, ही आईबापांची चिंता मात्र खरी आहे आणि तिला खरे उत्तर द्यायला हवे. मॅटवर हाताने दोनदा थोपटले की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम असतो. आपल्या ‘पुरे’ला तिथे किंमत आहे, हे मुलीला रोज अनुभवायला मिळते. शिकवणारी बाई असली की उरलेला संकोचही सरतो.

आता शिबिर. आठवड्यात मुलगी हात झटकायला शिकते, दोन लाथा शिकते, प्रमाणपत्र घेते. मैत्रीण धरते तीही हलकेच, सुटू देण्यासाठी. खरा हल्लेखोर बहुधा वजनाने जड असतो आणि खाली पाडू शकतो. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. ज्युजुत्सूत तिथून अर्धी विद्या सुरू होते. पाठीवर असतानाच दोन्ही पाय वरच्याच्या कंबरेभोवती आवळायचे, त्याला ताठ बसू द्यायचे नाही, त्याचे मनगट आणि कोपर ताब्यात घ्यायचे, कंबर बाजूला सरकवून जागा करायची. इथे दंडाच्या जोरापेक्षा कंबरेची हालचाल आणि सांध्याचा कोन महत्त्वाचा. म्हणूनच पन्नास किलोच्या मुलीलाही ही विद्या कामाची. पण खरोखर दाबून धरणाऱ्या जोडीदाराखाली वारंवार घुसमटल्याशिवाय ती अंगी येत नाही. ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षे लागतात. घाबरून न जाता श्वास घ्यायला शिकण्यासाठीसुद्धा काही महिने जातात. आठवड्याच्या शिबिरातून मुलगी खोटा भरवसा घेऊन घरी जाते, आणि तो नसलेला बरा.

तेव्हा शिबिरांचा खर्च थांबवून महाडात एक आणि पोलादपुरात एक कायमची मॅट टाकावी. बारावीनंतर किंवा लग्नानंतर ज्यांची कबड्डी सुटली, अशा आमच्याच खेळाडूंमधून प्रशिक्षिका तयार कराव्यात. त्यांना मानधनाच्या चार नोटा नकोत, दरमहा पगार हवा. आणि सरावाची वेळ अशी ठरवावी की कापडे-उमरठच्या मुलीला शेवटची एसटी मिळेल.