नवे रूप, जुने प्रयोजन

उत्सवाच्या आराशीसाठी तरुण चित्रकार पशुपक्ष्यांची अंगे जोडून नवी मानवरूपी पात्रे घडवितात, तेव्हा सश्रद्ध मने साशंक होतात. वस्तुतः नवनिर्मिती परंपरेस वर्ज्य नाही. १५ व्या शतकात सारळादासांनी ओडिया महाभारतात ‘नवगुंजर’ उभा केला. कोंबड्याचे मस्तक, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सर्पाचे पुच्छ, तीन पाय तीन निरनिराळ्या पशूंचे. आणि चौथ्या पायाच्या ठिकाणी मनुष्याचा हात! अर्जुनाने धनुष्य सज्ज केले. परंतु त्या हाताकडे दृष्टी जाताच भगवंताची ओळख पटून तो शरण गेला. आठ अंगांनी विस्मय दिला, नवव्याने बोध.

चित्रकारांना एवढेच विनवितो: अवयव खुशाल जुळवा, पण पाहणाऱ्यास शस्त्र खाली ठेवावयास लावील असा एक हात आधी शोधा. तो नसेल, तर ते रूप नव्हे, केवळ सोंग होय.