निकालाच्या फ्लेक्सवर न दिसणारी मुले

दहावीचा निकाल लागला की शहागंज, चेलीपुरा, गुलमंडी, सिटी चौक या भागांत शाळांचे फ्लेक्स झळकतात. '१०० टक्के निकाल', '९८ टक्के निकाल'. हातगाडीवाले, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या आया याच आकड्यावरून आठवीनंतर मुलाला कुठल्या हायस्कूलमध्ये घालायचे ते ठरवतात. छत्रपती संभाजीनगरातल्या सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित हायस्कूलची तुलना या एका आकड्यावर करणे कितपत बरोबर आहे, याचा विचार आपण चळवळीतल्या लोकांनी करायला हवा.

आधी राज्याचा निकाल पाहू. दहावीचा राज्याचा निकाल २०२४ मध्ये ९५.८१ टक्के, तर २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला. बहुतेक सगळेच पास होत असतील, तर ९६ टक्क्यांची शाळा आणि ९२ टक्क्यांची शाळा यांतला फरक फारसे काही सांगत नाही. शिवाय हा निकाल परीक्षेला बसलेल्या मुलांचा असतो, शाळेत आलेल्या मुलांचा नसतो.

समजा, दोन शाळांत नववीला प्रत्येकी ८० मुले आहेत. पहिल्या शाळेने कच्ची मुले नववीतच नापास केली, काहींना दाखला काढायला लावला, काहींना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले. दहावीला ५० बसली, ५० पास झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेने ७६ मुले बसवली, ६८ पास झाली. निकाल ८९ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागेल. पण नववीत आलेल्या ८० पैकी पहिलीने ५० मुले पार केली आणि दुसरीने ६८. आमच्या मते चांगली शाळा दुसरी.

ही पट्टी आम्ही नवीन काढलेली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी हाच हिशोब मांडला होता. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला दाखवून दिले. किती मुले दाखल झाली एवढ्यावर ते समाधानी नव्हते. किती टिकली, हा त्यांचा प्रश्न होता. याच शहरात १९५० साली त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले. पण दहावीच न गाठलेला मुलगा नागसेनवनापर्यंत पोहोचणार कसा?

गळती नववीत वाढते, त्याला कारण आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीपासून मोफत शिक्षणाचे ते छत्र उरत नाही. अनेक प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात, म्हणजे नेमक्या याच वळणावर शाळा बदलावी लागते. नवी शाळा लांब असेल तर रिक्षाचे भाडे येते, आणि बऱ्याच घरांत पहिला बळी मुलीच्या शिक्षणाचा जातो. स्मार्ट सिटीतून महापालिकेच्या शाळांना रंग, स्क्रीन, नवे वर्ग मिळाले, काही ठिकाणी सीबीएसईही आले. त्याचे स्वागतच. पण गणित आणि विज्ञानाला कायम शिक्षक नसेल तर भिंतीवरची स्क्रीन ती जागा भरत नाही.

म्हणून शहागंज परिसरातल्या प्रत्येक हायस्कूलबद्दल वस्तीतल्या तरुणांनी पाच गोष्टी विचाराव्यात:

१. दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले होती, त्यातली किती दहावीला बसली, उरलेली कुठे गेली?
२. १७ नंबरचा फॉर्म किती मुलांना भरायला लावला?
३. गणित, विज्ञान, इंग्रजीचे किती शिक्षक कायम, किती तासिकेवर?
४. मुलींचे स्वच्छतागृह आणि प्रयोगशाळा खरोखर वापरात आहे का?
५. अनुसूचित जातीच्या किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, किती अर्ज अडकले?

यातली बरीच माहिती शाळेच्या यू-डायस नोंदीत आणि हजेरीपटात असते. सरकारी आणि अनुदानित शाळांकडून ती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तिथे आपले पालक सह्यांपुरते बसतात की प्रश्न विचारतात, तेही पाहावे. आणि बाबासाहेबांचे नाव लावणाऱ्या संस्थांनाही हीच पट्टी लावावी. आपल्या माणसांची संस्था म्हणून सूट देऊ नये.

दरवर्षी आपल्या विहारांत गुणवंतांचे सत्कार होतात. ते व्हावेत. पण यंदा त्याच विहारात दुसरी यादीही करावी: आपल्या वस्तीतून दोन वर्षांपूर्वी नववीत गेलेली आणि यंदा दहावीला न बसलेली मुले. प्रत्येक नावामागे एक घर आहे, त्या घरी जावे. दहा वस्त्यांनी अशी यादी केली, तर कोणती शाळा चांगली हे सांगायला फ्लेक्सची गरज उरणार नाही.

जयभीम.